चौघांनी उचललेली हलकी कुंडी

बागकामाच्या धंद्यातल्या माझ्या फजित्या मी चहाबरोबर कुणालाही ऐकवतो. ही मात्र इतकी वर्षं टाळली.

एका आयटी कंपनीच्या गच्चीवर बाग करायची होती. त्यांचे फॅसिलिटी मॅनेजर देसाई दगडी कुंड्यांवर अडून बसले. अमेरिकेचे क्लायंट येणार, त्यांना ‘हेरिटेज फील’ द्यायचा. काचेच्या इमारतीवर. पण दगडाचं वजन स्लॅबला पेलणारं नव्हतं.

वाघोलीच्या शालनताई अंगणात दगडासारख्या दिसणाऱ्या कुंड्या करायच्या. सिमेंटमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, आणि परलाइट, म्हणजे लाह्यांसारखे फुललेले पांढरे खडे. मिश्रण टबात आतून थापायचं, अर्धवट घट्ट झालं की बाहेर काढून तारेच्या ब्रशने खरवडायचं. मग गोणपाट टाकून पाणी मारत राहायचं. शेवटी भिजवून सिमेंटचा खार काढायचा, नाहीतर झाड जळतं. कुंडी एका हाताने उचलता यायची आणि दिसायची पेशवाईतली.

मी दिलेली ही त्यांची पहिलीच मोठी ऑर्डर. जमली असती तर कंपनीच्या बाकीच्या इमारतीही त्यांना मिळणार होत्या.

देसाईंना मी ‘अस्सल दगड’ असं सांगितलं होतं. माल आला तेव्हा हमालांना बजावलं, “एका कुंडीला चौघं लागा. आणि कण्हा.”

ते मन लावून कण्हले. एकाने तर कंबर धरली. नेमके तेव्हाच स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणजे स्लॅबवर भार किती चालेल ते ठरवणारे गृहस्थ, वर आले.

“थांबवा! स्लॅब खाली आणायचाय का?”

देसाई धावत आले. दोघं माझ्याकडे बघू लागले. जड म्हणावं तर बाग गेली, हलकी म्हणावं तर मी खोटारडा. तिसरा रस्ता मला पटकन सुचला. शालनताई कोपऱ्यात एका कुंडीची टवका उडालेली कड लिंपत होत्या.

“साहेब, ह्या बाईंनी फसवलं. दगड सांगून सिमेंट दिलं.”

शालनताई उठल्या. “आणि कण्हायलाही मीच सांगितलं का, भाऊ?”

“हो,” मी म्हणालो.

हमालांची मजुरी माझ्याकडून होती. ते कठड्यापलीकडचं पुणे बघत राहिले.

इंजिनिअरनी एक कुंडी सहज उचलली आणि हिरवा कंदील दिला. क्लायंटनी कुंड्यांशेजारी फोटो काढले. देसाई खूश झाले, पण म्हणाले, “त्या बाईंचा माल पुन्हा नको.” बाकीच्या इमारतींच्या कुंड्या मी शालनताईंच्याच पद्धतीने दुसरीकडून करून घेतल्या. धडा एवढाच, की हलका माल जड म्हणून विकण्याआधी इंजिनिअर कुठे आहे ते बघावं.

रिटायर झाल्यावर एकदा वाघोलीला गेलो. शालनताईंनी खुर्ची दिली, चहा दिला.

“काय काम काढलंत?”

“काही नाही. इकडूनच चाललो होतो.”

वाघोलीच्या पुढे मला कुठेही जायचं नव्हतं. चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि उठलो.