एका डहाळीला एक तांब्या

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली तेव्हा आमच्या परसातली वांगी गेली, दोडक्याचा वेल गेला, मी माहेराहून आणलेला मोगरासुद्धा गेला. टँकर तीन दिवसांआड यायचा. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वाळलेलं सगळं स्वतःच्या हातानं उपटलं. म्हणाल्या, "समद्यांना अर्धं अर्धं पाजून समदीच मारण्यापरीस एक तरी धड जगू दे." आणि जगवायला निवडला कढीपत्ता. माझा मोगरा गेला आणि कढीपत्ता राहिला, मला राग येणार नाही तर काय!

पण त्या झाडावर अख्ख्या गल्लीची फोडणी चालायची. कुणीही यावं, न विचारता डहाळी मोडावी. आत्यांनी आता कायदा केला: एका डहाळीला एक तांब्या पाणी. तांदळाचं धुवण चालेल, डाळीचं चालेल, साबणाचं नाही. म्हातारीनं पानं विकायला काढली, असं लोक मागं बोलायला लागले. मी सणसवाडीच्या कंपनीत कामाला. बसमध्ये गल्लीतल्याच बायका चिडवायच्या, "आज डाळीचं पाणी हाय, दोन डहाळ्या मिळतील का?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "हसू दे की. हसत्यात, पन आणत्यात ना?" आणत होते, हे मात्र खरं. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारी बिहारची बाई तर काठोकाठ भरून आणायची.

मग आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस दौंडला, माझ्या नणंदेकडं. निघताना डोळ्याचं राहिलं बाजूला, बोलणं सगळं झाडाचं. "ध्यान ठिव. त्यो बी गेला तर मोकळं परस मला बघवायचं न्हाई." मी हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात कंपनीत ओव्हरटाइम लागला. सुट्टीच्या दिवशी दात घासताना एकदम झाड आठवलं. नऊ दिवस झाले होते.

परसात धावले, तर आळं ओलं. बुंध्याशी तांदळाची कणी पडलेली. एकही डहाळी मोडलेली नव्हती. तेवढ्यात ती बिहारची बाई तांब्या घेऊन आली. "अम्मा आने तक पत्ता कोई नहीं तोड़ेगा," म्हणाली, "सबने मिलके बोला है." माझा जीव भांड्यात पडला, पण मान वर होईना. हसणारे पाणी घालत होते आणि घरची सून विसरली होती.

आत्या आल्या त्या काळा चष्मा लावून. अंगणात पाय ठेवताच वर बघितलं. "आभाळ भरून आलंय की गं."

"आत्या, चष्मा काळा हाय तुमचा."

त्यांनी चष्मा जरा उचलून कोरडं आभाळ बघितलं आणि तो परत खाली केला. तशाच त्या परसात गेल्या, आळ्यात बोट घातलं. "तू घातलंस पानी?"

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. "न्हाई आत्या. मी इसरले. गल्लीनं घातलं."

त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला. तोवर त्या आल्याचं कळून दोघीतिघी मागच्या दारी आल्याही, हातात तांब्या घेऊन. आत्या माझ्याकडं वळल्या. "आज आमटी कर. पन डहाळीला हात लावायच्या आधी तांब्या आन. कायदा तुला बी हाय."

मी तांदूळ धुतले आणि ते पाणी घेऊन निमूट बिहारच्या बाईमागं रांगेत उभी राहिले.