पेरेरांचं लॅटिन

एका माणसाशेजारी चार वर्षं डबा खाल्ला की किस्से साठतातच, राव. एक सांगायला घेतला की दुसरा मागे उभाच. पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या आमच्या छोट्या औषध कंपनीत मी पॅकिंगला, पेरेरा टायपिस्ट. वसईचे. पाद्री व्हायला गेले आणि अर्ध्यातून परत आले, पण येताना लॅटिन घेऊन आले. कंपनीत कुणालाही काही लॅटिनमध्ये हवं असलं की तेच लिहून द्यायचे.

*

काळेवाडीचा तुकाराम बैलगाडीतून आमची खोकी स्टेशनवर न्यायचा. एकदा पेरेरांना म्हणाला, "आमच्या गाडीवर बी लिवा की तुमच्या भाषेत. इमानी बैल."

पेरेरा उठून बैलांपाशी गेले. "तू झोपलास तर?"

"तरी गाडी दारातच थांबती."

मग लिहून दिलं, 'बोवेस फिदि'. गावात कुणी विचारलं की तुकाराम म्हणायचा, "ज्यांचं हाय त्यांना कळतं."

*

हेडक्लार्क देशपांड्यांना लग्नाच्या वाढदिवसाला फोटोखाली 'विश्वासू पती' हवं होतं.

पेरेरा म्हणाले, "वहिनींना विचारून या."

देशपांडे पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

*

मग साहेबांनी कंपनीच्या पाटीसाठी मागितलं, 'आमच्यावर विश्वास ठेवा'. पेरेरांनी पंधरा दिवस मागितले.

"तीन शब्दांना पंधरा दिवस?"

"भाषांतर दोन मिनिटांचं, साहेब. खरं आहे का ते बघायला वेळ लागतो."

पेरेरा टेम्पररी, मुदत वाढवणं साहेबांच्या हातात. आणि हा गृहस्थ रोज सुट्टीत, बायका उजेडात धरून बाटल्या तपासायच्या तिथे जाऊन बसायचा! पंधराव्या दिवशी साहेबांकडे कोरा कागद घेऊन गेले. "काम चोख आहे, साहेब. पण लिहायला हात धजत नाही."

साहेब म्हणाले, "सोमवारी पाटी रंगवायला जाणार. कागद द्या, नाहीतर घरी बसा."

मला पेरेरांचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता.

*

त्याच रविवारी पेरेरांच्या एकुलत्या एक मुलीला न्यूमोनिया झाला. मी त्यांच्या घरीच होतो. डॉक्टरांनी बॅगेतून इंजेक्शनच्या दोन बाटल्या काढल्या. "औषध एकच आहे. ही विलायती, ही तुमच्या कंपनीची. कुठली देऊ?"

त्यांची बायको म्हणाली, "विलायती द्या, डॉक्टर."

पेरेरांनी आमची बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "आमची द्या."

सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर कागद होता, 'फिदिते नोबिस'.

पोरीचा ताप उतरला बुधवारी.