नाकमामांची पट्टी

सोड्याच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकमामा म्हणत. नाक तसं बेताचंच होतं, पण सव्वीस वर्षं कारखान्याचं फळांच्या स्वादाचं पाणी त्याच नाकाच्या भरवशावर बाहेर पडत होतं. संत्र्याच्या सालीचं तेल पाण्यात काही केल्या मिसळत नाही. म्हणून मामा ते आधी स्पिरिटमध्ये विरघळवत, मग थंडगार पाण्यात थेंब थेंब सोडत आणि कागदाची पट्टी बुडवून हुंगत. त्यांनी मान डोलावली की मगच टाकीत गॅस भरायचा. थेंबभर जास्त झालं तर पाणी साबणासारखं लागतं, आणि बुडबुडे ती चूक थेट गिऱ्हाइकाच्या नाकात नेऊन सोडतात.

आठ महिन्यांपूर्वी मामा-मामी दोघांनाही ताप आला आणि जाताना मामांची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. डॉक्टरांनी हात टेकले. नाकमामांना वास येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मग मामा पट्टी डबीत घालून जेवायच्या सुट्टीत घरी नेऊ लागले. मामी हुंगायची, म्हणायची, "छान आहे." मामा परत येऊन मान डोलवायचे.

त्या दुपारीही मामीनं पट्टी नाकाशी धरली. "छान आहे."

तेवढ्यात शेजारीण दारातून ओरडली, "अहो वहिनी, दूध करपलंय! जिन्यापर्यंत वास सुटलाय, आणि तुम्ही दोघं खुशाल बसलाय!"

पातेल्याचं बूड काळंठिक्कर झालं होतं. मामा मामीकडे बघतच राहिले.

"कधीपासून?"

"त्याच तापात. तुम्ही आणखी खचला असता, म्हणून बोलले नाही."

"आणि ते रोजचं छान?"

"तुमच्या हातचं वाईट कधी झालंय का?"

मामांना रागवायचंही त्राण उरलं नाही. आठ महिने ते पाणी कुणीच हुंगलं नव्हतं. ते तसेच मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बोलणी खायची, नोकरी जायची, सगळी तयारी होती. मॅनेजरनं तक्रारींची वही काढली, पानं चाळली आणि मिटून ठेवली.

"एकही तक्रार नाही, मामा. म्हणजे इतकी वर्षं उगाचच हुंगत बसलात की!"

तो मनापासून हसला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मामांचं स्टूल उचलून लेबलं चिकटवायच्या टेबलापाशी ठेवलं गेलं.

संध्याकाळी मामीनं भीत भीत विचारलं, "काय म्हणाले?"

मामा बराच वेळ पायातले मोजे काढत राहिले.

"छान आहे म्हणाले."