डाव्या कप्प्यातली आठ डुकरं

डुकरांची देखभाल करणाऱ्या मामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या अंगावर धागा नव्हता. प्रयोगशाळेच्या डुक्करघरात नोंदी ठेवायला मी नव्यानेच लागलो होतो, आणि आत पाऊल टाकायचं तर आधी आंघोळ, असा तिथला नियम. पण मामांच्या हुकमाखालची आंघोळ म्हणजे जुन्या बोटीचा गंज खरवडणं. दाराबाहेरून ते ओरडत होते, "कानामागे! कानामागे कोण घासणार, मी?" चार वेळा नापास होऊन मी बाहेर आलो तेव्हा वजन किलोभर उतरलं होतं आणि एक-दोन जन्मखुणाही बहुधा वाहून गेल्या होत्या. मामांनी माझा ताप बघितला, आकडा वहीत टाकला आणि म्हणाले, "या. आता तुम्ही माझ्या डुकरांना तोंड दाखवायच्या लायकीचे झालात."

डुकरं सोळा. उजव्या कप्प्यातल्या आठांना लस टोचलेली, डाव्या कप्प्यातल्या आठांना काहीच नाही. लस होती डुकरांच्या फ्लूच्या एका जुन्या विषाणूची. महिन्याभराने सोळांच्याही नाकात सोडायचा होता त्याचा नवा चुलतभाऊ. जुन्याची लस नव्याला अडवते का, एवढंच बघायचं होतं.

मामांच्या डोक्यात ते काही शिरेना. "लस एकाची आणि सोडायचा दुसराच? थोरल्याला नोटीस आणि धाकट्याला अटक?"

"मामा, लसीमुळे अंगात जो रखवालदार तयार होतो, त्याने थोरल्याला एकदा पकडलं की धाकट्याचं नाक बघूनही तो ओळखतो. घराणं एकच ना."

"आणि डावीकडे रखवालदारच नाही."

"नाही."

"म्हणजे ती आजारी पडणार."

"ती पडली तरच लसीचा उपयोग कळणार, मामा."

त्या दिवसापासून डाव्या कप्प्याचे लाड सुरू झाले. पाठ खाजवणं काय, तासन्‌तास शेजारी बसून गप्पा काय! मामी मला फोनवर म्हणाल्या, "पोरांचे वाढदिवस यांच्या लक्षात नाहीत, पण डुकरांची वजनं तोंडपाठ!"

नवा विषाणू सोडायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचं रक्त तपासलं. डावीकडचं रक्त कोरं असायला हवं होतं. अहवालात मात्र आठही डुकरांच्या रक्तात फ्लूला ओळखणारी प्रतिपिंडं! चाचणी चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी तो कागद तीनदा वाचला, मग उलटा धरूनही पाहिला.

"मामा, कप्पे बदलले का?"

"मॅडम, सख्खी मेहुणी मी दोनदा ओळखली नाही. पण डुक्कर? शक्य नाही."

लसीच्या कुप्या मोजल्या, बरोबर आठच रिकाम्या. मला पाण्याचा संशय आला, मॅडमना माझा आला, आणि त्या इतकं रोखून बघत होत्या की थोड्या वेळाने मलाही माझाच यायला लागला. लस नाही, कोणी आजारी दिसलं नाही, मग या आठांची फ्लूशी ओळख करून दिली कोणी?

शेवटी मॅडमनी तापाची वही उघडली. आत येणाऱ्या प्रत्येकाचा रोजचा आकडा तिच्यात होता. एका माणसाचं तेवढं नावच नव्हतं.

"मामा, तुमचा ताप कोण बघतं?"

"मीच बघतो की सगळ्यांचा."

"सगळ्यांचा नाही. तुमचा!"

मामांनी टोपी काढली, परत घातली. "तीन आठवड्यांपूर्वी जराशी कणकण होती. पण बदली माणसाच्या हातून ती खात नाहीत हो, मॅडम."

"मास्क तरी होता ना?"

"उजवीकडे होता. डावीकडे काढायचो. माझं तोंड दिसल्याशिवाय ती घास घेत नाहीत."

मामांचंही रक्त तपासलं. त्यांना झाला होता माणसांचा फ्लू, पण तोही त्याच घराण्यातला, जरा लांबचा. तो आठांना मामांकडून लागला आणि शिंकही न येता बराही झाला.

"म्हणजे उद्या नवा सोडला असता, तरी ही आजारी पडली नसती?"

"बहुधा नसती."

"म्हणजे लस मीच झालो?" मामांचा चेहरा उजळला, लगेच पडला, पुन्हा अर्धा उजळला. "मग मॅडम, हे चांगलं झालं की वाईट?"

मॅडमनी तापाची वही मिटली. "मलाही आत्ता सांगता येत नाही, मामा."

चाचणी रद्द झाली. चाचणीतलं जनावर बाहेर जाऊ द्यायचं नाही, या नियमाप्रमाणे सोळाही डुकरं त्याच आठवड्यात मारण्यात आली, आणि मामांची बदली काचसामान धुण्याच्या विभागात झाली.