बर्फाचे डोंगर आणि शेवटचा डबा

किस्सा कधी एकटा येत नाही. झाशीच्या यार्डात एक मालगाडी अडकली की तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी उभी राहते ना, तसंच. एकाने चहाचा घोट घेऊन तोंड उघडलं की बाकीचे "अरे, हे तर काहीच नाही!" म्हणत सरसावून बसतात. आमचा कंपू तर सगळा रेल्वेचा. बोलायची हौस दांडगी आणि ऐकायला कुणी तयार नाही! म्हणून म्हटलं, आपणच सगळं सांगून मोकळं व्हावं.

मी मंगला. झाशी स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीमागे नोकरी झाली, त्यामुळे आवाज जरा मोठा आहे. सांभाळून घ्या.

आम्ही रिटायर झालेली मंडळी रोज सकाळी कैमासनच्या टेकडीवर चढतो. सगळ्यात पुढे साठे, मेल गाडीचे ड्रायव्हर. मधे मी आणि तिवारीजी. तिवारीजी टीटी होते, कंपूतले एकटे बुंदेलखंडी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मग नलूवहिनी. आणि सगळ्यात शेवटी त्यांचे यजमान जोग, ज्यांना अख्खी कॉलनी गार्डसाब म्हणते.

गार्डसाब शेवटीच चालणार. "शेवटचा डबा माझा. तो आला म्हणजे गाडी आली," हे त्यांचं तत्त्व. एकदा साठे हट्टाला पेटले आणि गार्डसाबना ढकलून पुढे काढलं. गार्डसाब चार पावलं चालले, बाजूच्या दगडावर जाऊन उभे राहिले, आम्ही सगळे समोरून गेल्यावर निमूट मागे लागले!

नलूवहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काय सांगू मंगलाताई, सप्तपदीलासुद्धा मीच पुढे होते!"

*

माझी भाची ऋचा स्वित्झर्लंडला असते. तिने बोलावलं आणि कंपूच्या कंपू निघाला. बर्फाच्या मोठ्या डोंगरांच्या अलीकडे तिथे हिरव्यागार टेकड्यांचा पट्टा आहे, एमेंटाल म्हणतात त्याला. टेकडीवर चढायचं आणि माथ्यावरून समोरची बर्फाची रांग बघायची. "इझी है, मावशी, आप लोगों के लिए परफेक्ट!" असं ऋचा म्हणाली. पोरीला मराठी समजतं, पण जिभेवर हिंदी.

सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल? गार्डसाबना! एरवी मोजकं बोलणारा माणूस, त्या दिवशी आपणहून बोलला. "मंगलाताई, गार्डच्या डब्यातून जे दिसतं ते गेलेलं दिसतं. स्टेशन गेलं, नदी गेली, डोंगर गेले. एकदा तरी समोर उभा असलेला बर्फाचा डोंगर बघायचाय."

मला भरून आलं हो. नलूवहिनींनी तर तिथल्या तिथे देवाला सत्यनारायण बोलून टाकला.

आता तयारी. जाणं जूनमध्ये, म्हणजे खरेदी मे महिन्यात. झाशीचा मे तुम्हाला ठाऊक नसेल तर नशीबवान आहात. डोकं भाजत होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि मी नि नलूवहिनी सदर बाजारात लोकरीच्या कानटोप्या मागत फिरत होतो. वहिनींनी एक टोपी कानापर्यंत ओढून आरशात पाहिली आणि विचारलं, "भैया, इससे गरम नहीं है क्या?"

दुकानदाराने आधी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच पोऱ्याला पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाला, "बहनजी, घर पे किसी को फोन कर दें?"

*

तिथल्या गाडीत बसलो. काय गाडी! धक्का नाही, आवाज नाही, खिडकीची काच अशी स्वच्छ की साठ्यांनी आपटून कपाळाला टेंगूळ करून घेतलं! सगळे खूश, एकटे तिवारीजी अस्वस्थ. तिकिटं मुठीत धरून सारखे दरवाजाकडे बघताहेत.

"क्या हुआ, तिवारीजी?"

"तीन स्टेशन निकल गए. कोई चेक करने नहीं आया."

"मग बरंच आहे की!"

"बरं काय? ऐसे में तो कोई भी बैठ जाएगा!" रागाच्या भरात माणूस अर्धं मराठी बोलला!

शेवटी उठले. दोन डबे पालथे घालून एका तरुण तिकीट तपासनिसाला दंडाला धरून घेऊन आले आणि आमची सगळी तिकिटं त्याच्या हातात ठेवली. तो बिचारा गोड हसला, वरवर नजर टाकली, "थँक यू" म्हणाला आणि निघाला. तिवारीजींनी पुन्हा अडवला!

"बेटा, ऐसे नहीं. तारीख देखिए, चेहरा देखिए. और वो खिड़की वाले," साठ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "उनको दो बार देखिए!"

*

पहिल्या दिवशीची टेकडी. तिथे वाटेवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते. अमुक माथा, इतकी मिनिटं. झालं! साठ्यांच्या अंगात आलं. "टाइमटेबल आहे रे!" म्हणून असे सुटले की ऋचा मागून ओरडतेय, "अंकल, ये रेस नहीं है!" साठ्यांनी मेल गाडी कधी लेट नेली नव्हती, आता काय नेणार?

आम्ही धापा टाकत वर पोहोचलो आणि बाई गं! समोर डोंगर! एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग, पांढरीशुभ्र! मी खिडकीवरच्या आवाजात ओरडले, "गार्डसाब, लवकर या!"

गार्डसाब येत होते. पण वाटेत दोन गोऱ्या आज्या काठ्या टेकत चढत होत्या. त्यांना मागे टाकून पुढे जाणं गार्डसाबच्या रक्तात नाही. ते त्यांच्याही मागे लागले! वर आले तेव्हा ढगांनी सगळं पुसून टाकलं होतं.

माथ्यावर धातूचा एक फलक होता, त्यावर प्रत्येक शिखराचं चित्र आणि नाव कोरलेलं. गार्डसाब एकेका नावावर बोट ठेवायचे आणि मान वर करून बघायचे. पांढरं. पुढचं नाव. पांढरं. मला बघवेना.

तिवारीजींनीही फलक वाचला, समोर पाहिलं आणि म्हणाले, "चार्ट तो पूरा लगा है. पैसेंजर एक भी नहीं आया!"

गार्डसाबसुद्धा हसले. नलूवहिनी मात्र हसल्या नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी गाय आडवी आली. केवढी थोरली, गळ्यात मंदिरातल्यासारखी घंटा, आणि वाटेच्या मधोमध उभी. साठे पुढे झाले. "आयुष्यभर गाई-म्हशी हाकलल्या आहेत, बाजूला व्हा!" टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, "हट री! हट!" सगळं झालं. गाय रवंथ करत साठ्यांकडे बघत राहिली. शेवटी आम्हीच गवतातून वळसा घालून पुढे गेलो.

तर गाय आमच्या मागून चालायला लागली! टण्, टण्, टण्. पाच मिनिटांनी मी वळून बघते तो गार्डसाब थांबलेले आणि गायही थांबलेली.

"अहो, चला ना!" वहिनी ओरडल्या. "वर आभाळ मोकळं आहे!"

"कसा येऊ? माझ्या मागे अजून एक लागलंय!"

"अहो, ती गाय आहे!"

"असू दे. आधी ती पुढे जाऊ दे."

शपथेवर सांगते, माणूस वाटेच्या कडेला उभा राहून गाईला "चल बाई, चल" म्हणत होता! गाईला कसली घाई? तिने तिथेच बैठक मारली. ऋचा खाली धावत गेली, एका शेतकऱ्याला घेऊन आली, त्याने गाय नेली. तोवर वर ढग आलेसुद्धा! आम्ही बाकीच्यांनी पुढे जाऊन डोंगर पाहिले आणि गार्डसाबनी पुन्हा ढग.

परतताना गाडीत नलूवहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी. "मंगलाताई, उद्याचा एकच दिवस उरलाय. गुडघे बोलायला लागलेत ह्यांचे. पुन्हा काही येणं होत नाही आमचं. आणि विचारलं तर म्हणतात, 'तू पाहिलेस ना? मग झालं.'"

साठे पुढच्या सीटवरून ऐकत होते. वळून म्हणाले, "वहिनी, उद्या गार्डसाबना पहिले पोहोचवतो, नाहीतर नावाचा साठे नाही!"

*

साठ्यांचा प्लॅन असा होता: माथा जवळ आला की सगळ्यांनी एकदम बुटाची नाडी बांधायला खाली बसायचं. गार्डसाब चालत चालत आपसूक पुढे निघतील. आम्ही माना डोलावल्या.

शेवटचा दिवस उजाडला तो धुक्यात! झाशीचं जानेवारीतलं धुकं आठवलं, हाताला हात दिसेना. ऋचा म्हणाली, "ऊपर शायद खुल जाए." शायदवर भरवसा ठेवून निघालो.

बरंच चढल्यावर साठ्यांनी खोकून खूण केली. आम्ही पटापट बसलो. मी नाडी बांधतेय, तिवारीजी बांधताहेत, नलूवहिनींच्या बुटाला नाडीच नव्हती तरी बांधताहेत! कान मागे लावून वाट बघतोय, गार्डसाबची पावलं पुढे जातील म्हणून.

पावलं थांबली. मी तिरक्या नजरेने मागे पाहिलं. गार्डसाबसुद्धा खाली बसून नाडी बांधत होते!

"सगळ्यांच्या एकदम सुटल्या?" ते म्हणाले. "रस्ता खराब दिसतोय. सावकाश बांधा, मी आहे मागे."

तिवारीजी माझ्या कानात पुटपुटले, "इनको तो भगवान भी आगे नहीं कर सकता."

*

आणि आता जे झालं ते ऐका.

प्लॅन फसला म्हणून साठे चिडले आणि चिडून भराभरा चालायला लागले. धुक्यात पुढे दोन वाटा फुटल्या होत्या. साठ्यांनी धडधडीत चुकीची धरली! वाट अरुंद, दोन्हीकडे तारेचं कुंपण, एकामागे एक असेच चाललो होतो. जरा वेळाने साठे एका बंद फाटकावर जाऊन धडकले. आत गोठा आणि एक भलंमोठं कुत्रं, भुंकून भुंकून जीव काढतंय.

"रास्ता बंद है," ऋचा म्हणाली. "सबको पीछे जाना पड़ेगा."

आम्ही जागच्या जागी वळलो. आणि बघते तर काय, सगळ्यांच्या पुढे कोण? गार्डसाब!

ते भांबावले. बाजूला सरायला जागा शोधत होते, पण दोन्हीकडे तारा. तेवढ्यात पार मागून साठ्यांचा आवाज आला, "गार्डसाब! गाडी मागे ढकलायची आहे! पुढे तुम्ही उभे राहा!"

रेल्वेत हा नियमच आहे. गाडी उलटी ढकलत न्यायची झाली की गार्डने पुढच्या टोकाला राहायचं, समोरची लाइन बघायची आणि ड्रायव्हरने त्याच्या इशाऱ्यावर चालायचं. गार्डसाब ताठ झाले. स्वेटर खाली ओढला. "चला," म्हणाले आणि निघाले! साठी उलटलेल्या गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे पळालं!

फाट्यापर्यंत आलो, तरी साठे मागूनच ओरडले, "असंच वरपर्यंत ढकला!" गार्डसाबनी बरोबर वाट धरली. चढ सुरू झाला. वर धुकं पातळ व्हायला लागलं होतं, पिवळसर उजेड झिरपत होता. पुढे चाललेल्या नलूवहिनींनी हात मागे करून माझा हात घट्ट धरला. माथ्याच्या कडेवर एक मोठं झाड दिसायला लागलं, आणि गार्डसाब त्या झाडाशी पोहोचले. पहिले!

आम्ही खाली धुक्यात, आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. अचानक त्या पाठीवर लख्ख ऊन पडलं.

आणि गार्डसाबचे दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे राहिले.

हातात झेंडी नसली तर रेल्वेत ह्याचा एकच अर्थ. लाल! थांबा!

आम्ही थांबलो. खटकन! मी थांबले, तिवारीजींचा एक पाय हवेत तसाच थांबला, मागे साठे थांबले. आमच्या कंपूत लाल ओलांडलेला माणूस नाही, बायकासुद्धा नाहीत. नलूवहिनी हलल्या नाहीत. ऋचा वेडीपिशी झाली. "मावशी, रुके क्यों? पहाड़ दिख रहे होंगे! चलो ना!"

"लाल आहे बाळा," मी म्हटलं.

"क्या लाल है?"

वर गार्डसाब हात उभे धरून तसेच. जराही हलत नव्हते. मला वाटतं त्यांचा श्वाससुद्धा थांबला होता. आम्ही सगळे धुक्यात उभे, त्या उन्हातल्या पाठीकडे बघत.

मग ऊन हळूहळू विझलं. पाठ करडी झाली. गार्डसाबनी दोन्ही हात खाली घेतले आणि एक हात बाजूला आडवा धरला. हिरवा!

आम्ही धावलो. झाड, बाक, नावं कोरलेला फलक, आणि समोर पांढरं धुकं. बोटभरही डोंगर नाही!

नलूवहिनींनी नवऱ्याचा दंड धरून गदागदा हलवला. "अहो, काय झालं? आम्हाला का थांबवलंत?"

गार्डसाबचे दोन्ही गाल ओले होते आणि तोंडभर हसू होतं.

"अगं, समोरून मोठी गाडी पास होत होती," ते म्हणाले. "आता या. लाइन क्लिअर आहे."