स्कूटर माझ्यामुळे पडली

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, ज्याच्याबरोबर वारज्यात रोज सकाळी चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितलं नसतं, सरळ आहे. फक्त एक करा. ऐकून झाल्यावर ‘वयाने होतं असं’ म्हणू नका. तसं म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या बायकोला, विमलला, स्कूटरवरून पाडलं. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आणि आजही तिला वाटतं, की स्कूटर तिच्यामुळे पडली. का वाटतं? त्याकडेच येतोय. जरा दमाने घ्या.

सुरुवात डाव्या कानापासून झाली. टीव्हीचा आवाज वाढवायला लागलो आणि वर म्हणायचो, हल्लीचे नट पुटपुटतात. मग चक्कर. बिछान्यात कूस बदलली की पंखा, कपाट, सगळं गरागरा. दर रविवारी विहारात वंदना मी घेतो — मी म्हणायचं, लोकांनी माझ्यामागून म्हणायचं. शेवटी तीनदा खाली वाकून नमस्कार असतो. मी वाकलो की जमीन सरकायची. मग मी नुसता उभा राहायला लागलो आणि सांगितलं, गुडघे धरलेत. गुडघ्यांना लोक मान देतात हो. कान गेला म्हटलं की तेच लोक मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात, बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसं. तीस वर्षं खडकवासल्याला धरणावर नोकरी केली मी, माझी सही झाल्याशिवाय कालव्यात पाणी सुटत नव्हतं — मी असलं ऐकून घेणार?

शेवटी गुपचूप सदाशिव पेठेत एका कानाच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी मला झटकन आडवं केलं, मान एका बाजूला वळवून डोळे पाहिले. म्हणाल्या, “कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे सुटलेत. मान ठरावीक पद्धतीने फिरवून ते परत बसवता येतात. आज एकदा केलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. मी सांगेपर्यंत दुचाकी बंद. आणि डाव्या कानाला मशीन लागेल.” बाईंनी नीट समजावलं होतं. मला सगळं ऐकू आलं होतं, समजलंही होतं. मी तो कागद घडी घालून स्कूटरच्या डिकीत टाकला आणि त्याच स्कूटरवरून घरी आलो. पुन्हा गेलो नाही.

विमलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. असतं तर ती मागे बसली असती का?

त्या रविवारी वंदना आटोपून निघालो. डावीकडून एक टेम्पो अंगावर आला. विमल ओरडली म्हणे — मला नाही ऐकू आलं. मग तिने माझ्या खांद्यावर दोनदा हात मारला. मी झटक्यात मान डावीकडे वळवली आणि सगळं फिरलं. टेम्पोचा धक्कासुद्धा लागला नाही आम्हाला. मला चक्कर आली, हँडल सुटलं, आणि ती खाली.

इथे थांबलो असतो तर हा अपघात होता. पण मी इथे थांबलो नाही.

हॉस्पिटलमध्ये, ऑपरेशनला न्यायच्या आधी, तिने मला विचारलं, “अहो, मी हात मारला, म्हणून तोल गेला का तुमचा?” मुलगा शेजारी उभा होता. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. किती वेळ लागतो ‘नाही’ म्हणायला? मी म्हणालो, “मग? चालत्या गाडीवर एवढं हलतात का?” — आणि तेही रागावून. ती म्हणाली, “चुकलं माझं.” मुलगासुद्धा तिलाच म्हणाला, “आई, तू पण ना.”

दोन आठवड्यांनी मी विहारात उभा राहून पंचशील दिलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ठणठणीत आवाजात म्हणालो, सगळे माझ्यामागून म्हणाले. काही अडखळलो वगैरे नाही. त्यानंतर एकटाच डॉक्टर बाईंकडे गेलो. दोन खेपांत चक्कर गेली. दोन खेपा, बस्स. मशीनही बसवलं.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाका तिला. नाही सांगणार. ती माफ करेल हो, तिथल्या तिथे करेल, आणि ते मला सोसणार नाही. भित्रेपणा आहे म्हणता? आहेच. पण कानाला मध्ये आणू नका. कानामुळे स्कूटर पडली. हॉस्पिटलमध्ये जे बोललो ते मी बोललो, पूर्ण शुद्धीत, आणि तेव्हा माझं डोकं अजिबात फिरत नव्हतं.

विमल वॉकर घेऊन चालते. रिक्षात बसली की दोन्ही हातांनी दांडा धरते, पाठ ताठ, मानसुद्धा वळवत नाही. बोलायचं असलं तरी समोर बघूनच बोलते. गेल्या आठवड्यात तिला व्यायामाच्या बाईंकडे नेत होतो. रिक्षा खड्ड्यात आदळली. तिने दांडा आणखी घट्ट धरला आणि हळूच विचारलं, “मी हलले नाही ना हो?”

मशीनमुळे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हणालो, “नाही. अशीच बस.”