गोंड्याची टोपी आणि अर्धा पक्षी

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकांना पक्षीमंडळात सगळे अर्धेकाका म्हणत. अकरा वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर त्यांनी तो तांबड्या गळ्याचा, करड्या पाठीचा, मुठीएवढा दुर्मीळ पक्षी पाहिला होता, पण एकट्यानं. मंडळाचा नियम असा, की दोन सभासदांनी पाहिल्याशिवाय पक्षी वहीत चढत नाही. नियम करणाऱ्या आणि वही सांभाळणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी तेव्हा चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "खरंच दिसला, की दिसावासा वाटला?" आणि वहीत पेन्सिलीनं 'अर्धा' असं लिहून टाकलं होतं. उभ्या गावाचे डोळे तपासणाऱ्या माणसाला हा प्रश्न! बाईंच्या नाकावरचा चष्मासुद्धा त्यांच्याच दुकानातला.

तेव्हापासून काका दरवर्षी मंडळाबरोबर तो डोंगर चढत. आता गुडघे कुरकुरू लागले होते, डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितला होता. म्हणजे यंदाची खेप शेवटची. बायकोनं सोडलं तेही एका अटीवर: तिनं विणलेली कानटोपी डोक्यावरून उतरवायची नाही. पक्षी बघायला जाताना माणसं मातकट कपडे घालतात. ही टोपी भडक केशरी, वर लिंबाएवढा गोंडा. बाई टोपीकडे बघून एवढंच म्हणाल्या, की आता पक्षी कसला येतो, हेलिकॉप्टर मात्र नक्की उतरेल. काकांनी टोपी कानांवर आणखी खाली ओढली. शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर कान छान गरम राहत होते.

माथ्यावर धुकं होतं. नऊ जणांच्या दोन टोळ्या करून उताराला दोन बाजूंनी वळसा घालायचं ठरलं. निघताना बाईंनी दुसरा नियम बजावला: पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करायची नाही, विणीच्या दिवसांत पाखरू बिथरतं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

तासाभरानं काका मुद्दाम मागे रेंगाळले. आसपास कुणी नाही असं बघून त्यांनी हळूच शीळ घातली. तीन सूर चढते, एक उतरता. दुकानात काचा पुसता पुसता अकरा वर्षं घोटलेली शीळ होती ती. खालच्या झुडपांतून लगेच उत्तर आलं. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर, या वेळी अधिक जवळून. मग काय, साठी उलटलेला माणूस ओल्या गवतात पालथा पडला आणि कोपरांवर सरकू लागला. गुडघ्यांची आठवणही राहिली नाही. वीस मिनिटांनी त्यांनी शेवटची फांदी बाजूला केली, तर हातभर अंतरावर मोठ्या बाई. पालथ्याच, आणि ओठांचा चंबू केलेल्या.

नियम दोघांनीही मोडला होता. विचारणार तरी कोणत्या तोंडानं?

एवढ्यात बाईंचे डोळे वर गेले आणि तिथेच थिजले.

"हलू नका," त्या पुटपुटल्या.

काकांना डोक्यावर हलकंसं वजन जाणवलं. मग गोंड्याला एक हिसका, लगेच दुसरा. पाखरू घरट्यासाठी लोकर उपसत होतं. ज्याच्यासाठी अकरा वर्षं घालवली तो नेमका जिथं आपली नजर पोचत नाही तिथं येऊन बसला होता. बाईंच्या चष्म्यात तरी प्रतिबिंब दिसेल म्हणून काका टक लावून बघत राहिले. पण त्यांनीच बाईंना आग्रह करकरून चकाकी न मारणाऱ्या काचा बसवून दिल्या होत्या.

तिसऱ्या हिसक्यासरशी वजन उडालं. काकांनी मान वळवली तोवर मागे नुसतं धुकं होतं.

"तांबडा गळा, करडी पाठ," बाई म्हणाल्या. "मी पाहिला. तुम्ही?"

'हो' अगदी जिभेच्या टोकावर होतं. तेवढं म्हटलं, की अर्धेपण संपलं. पण आज खोटं बोललं तर अकरा वर्षांपूर्वीचं खरंही खोटं ठरलं असतं.

"मला नाही दिसला," काका म्हणाले. मग मात्र त्यांना राहवलं नाही. "पण बाई, तुम्हाला तरी खरंच दिसला, की दिसावासा वाटला?"

बाईंनी कोपरांचा चिखल निवांत झटकला. पिशवीतून वही काढली, जुनं पान शोधलं.

"दोघांनी पाहावा असा नियम आहे. एकाच दिवशी पाहावा, असं मी कुठंही लिहिलेलं नाही." त्यांनी पेन्सिलीचं 'अर्धा' खोडलं आणि शाईनं 'एक' लिहिलं. वही मिटताना त्या हळूच म्हणाल्या, "आणि ते शिळेचं..."

"कसली शीळ?" काका म्हणाले.

घरी आल्यावर बायकोनं टोपी हातात घेतली, गोंड्याला पडलेलं भगदाड बघितलं. काकांनी सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"ते सगळं असू दे," ती म्हणाली. "कान झाकलेले होते ना?"